तुमच्या घरात ऑपरेशन कुणाचं झालं?

कोयनाकाठ:

नमस्कार. थेट विचारते. तुमच्या घरात कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन नवऱ्याचं झालं की बायकोचं? कुणी ठरवलं? आणि नंतर त्या दोघांचं एकमेकांशी कसं राहिलं? 'दोन मुलं झाली, प्रश्न मिटला' एवढंच उत्तर नको आहे. आमच्या घरात तीन पिढ्या झाल्या, अजून मिटलेला नाही.

मी एक्केचाळीस वर्षांची. माहेर कऱ्हाडजवळ, सासर साताऱ्यात. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. नवरा सरकारी नोकरीत. मुलानंतर तांबी बसवली होती, पण अंगावरून इतकं जायला लागलं की दीड वर्षात काढून टाकली. त्यानंतर निरोध आणि तारखा. गेल्या दिवाळीत पाळी अकरा दिवस लांबली. त्या अकरा दिवसांत माझ्या डोक्यात सगळ्यात आधी काय आलं असेल? बाळ नाही. नवऱ्याचा 'नमुना अ'. नोकरीला लागताना लहान कुटुंबाचं जे प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, ते. २८ मार्च २००६ नंतर मूल होऊन संख्या दोनच्या वर गेली तर या पदासाठी मी अनर्ह ठरेन, असं त्यात लिहून दिलेलं असतं. सही त्याची आणि दिवस मोजत बसलेय मी. पाळी आली त्या रात्री आम्ही गच्चीत बसलो होतो. तो म्हणाला, "बास झालं. मी नसबंदी करून घेतो."

मला रडूच आलं, आणि ते चांगलं रडू होतं. दुसऱ्या दिवशी आईला फोनवर सांगितलं. आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "जावईबापूंनी कशाला? तू करून घे की. बाईमाणसाला काय होतंय त्यात."

हे माझी आई म्हणाली! ही आई कोण, ते कळायला आधी आजोबांचं सांगावं लागेल.

आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आजीला सात बाळंतपणं, त्यांतली पाच मुलं जगली. १९७६ साली, आणीबाणीत, मास्तर लोकांना 'केसेस' आणायला सांगितलं होतं. केस म्हणजे नसबंदीला तयार झालेला माणूस. केस नाही तर पगार नाही. आजोबा कुणाच्या दारात जाऊन असलं बोलणाऱ्यांतले नव्हते. दोन महिने पगार थांबला, वाण्याची उधारी चढली, तेव्हा स्वतःच जाऊन टेबलावर झोपले. वय चव्वेचाळीस. आपली केस आपणच. आजीला आदल्या रात्री सांगितलं, विचारलं नाही.

त्या दिवसापासून आजोबांनी देवळातल्या भजनाला जाणं सोडलं. पखवाज वाजवायचे, तो माळ्यावर गेला. गाव हसतं असं त्यांना वाटायचं. खरोखर कोण किती हसलं देव जाणे, निम्म्या गावाचे बापे त्याच रांगेत उभे राहून आलेले होते.

आणि आजी? माझ्या लग्नाआधी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा ती स्वतःहून बोलली. "दर महिन्याला पोटात गोळा यायचा गं. मास्तरांचं झालं अन् मी पैल्यांदा बिनघोर झोपले." पुढची वीस वर्षं दोघं संध्याकाळी मळ्यापर्यंत बरोबर चालत जायचे, ती पुढे, ते मागे. आजी म्हणायची, आमचा संसार खरा त्यानंतर सुरू झाला. म्हणजे ज्या गोष्टीने आजोबा मोडले, तिनेच आजी उभी राहिली. जबरदस्ती वाईट होती यात मला शंका नाही. पण आजीच्या झोपेचं काय करू, ते मला कळत नाही.

आता आई-बाबा. मी १९८४ची, बहीण ८६ची, भाऊ ८८चा. बाबा साखर कारखान्यात. भाऊ झाल्यावर नर्सबाई घरी आल्या तेव्हा बाबा करून घ्यायला तयार होते, असं आई सांगते. आजोबांनी ओसरीतून एकच वाक्य टाकलं, "त्या वाटेला जायचं नाही." ऑपरेशनवर आजोबा त्यांच्या हयातीत बोलले ते एवढंच. मग बाबांनाही आठवलं की गळीत हंगाम चालू आहे, रजा मिळणार नाही. जानेवारी १९८९. आईला शिबिराला घेऊन गेली कोण, तर आजी! मांडीवर सात-आठ महिन्यांचा भाऊ, एसटीने गेल्या, एसटीने आल्या. आई सव्वीस वर्षांची होती. टाक्याचं ऑपरेशन, खाली गादीवर झोपवलेलं. पाचव्या दिवशी आडावरून पाणी.

तेव्हापासून आईची पाठ दुखते. आणि पाठ दुखली की ती बाबांना म्हणते, "आला बघा तुमचा हंगाम." आम्ही भावंडं लहानपणी हसायचो, घरातला विनोद म्हणून. बाबा उठून बाहेर जायचे. छत्तीस वर्षं ते वाक्य चाललंय. भांडण म्हणावं तर नाही, दोघं एकमेकांचं सगळं करतात, पण त्या वाक्यापाशी आले की दोघंही थांबतात.

आणि ही माझी आई मला म्हणते, तू करून घे. का? रागावून उपयोग नाही, मला खरंच समजून घ्यायचंय.

निवृत्त सिस्टर:

कोयनाकाठताई, मी १९८४ला एएनएम म्हणून लागले, सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी भागात. चौतीस वर्षं हेच काम. तुमच्या घरी आलेली नर्सबाई मी असू शकले असते.

आमच्याकडे पात्र जोडप्यांची नोंदवही असायची. नाव 'जोडप्यां'ची. पण आत बघाल तर बाईचं वय, बाईची बाळंतपणं, शेवटचं मूल केवढं, बाई काय वापरते. नवऱ्याचं नाव ही बाई कुणाची एवढं कळण्यापुरतं. आणीबाणीनंतर पुरुषाचं नाव काढायची आम्हाला भीतीच वाटायची. जुन्या सिस्टर सांगायच्या, १९७७नंतर गावात जीप शिरली की बापे उसात पळायचे. खात्याचं नावसुद्धा 'नियोजन' काढून 'कल्याण' केलं सरकारने. पण टार्गेट काही गेलं नाही. मग ते कुणाकडून पूर्ण करायचं? जी पळत नाही तिच्याकडून. कडेवर मूल घेऊन बाई पळणार कुठे?

दिवाळी झाली की शिबिरं सुरू. थंडीत टाका लवकर सुकतो अशी लोकांची समजूत, आणि मार्चअखेरीला आमची मान सुरीखाली, असं दोन्ही जमून यायचं. बाईबरोबर सासू किंवा आई. नवरा असला तर बाहेर झाडाखाली पोर सांभाळत. त्यांतले काही बिचारे खरंच कासावीस असायचे, सगळ्यांना एका मापाने मोजू नका. १९९६ला टार्गेट कागदावरून गेलं. तोंडी राहिलं.

पाठीबद्दल. ती ऑपरेशनने गेली की पाचव्या दिवशी ओढलेल्या बादलीने, हे आज कुणी सांगू शकणार नाही. डॉक्टर म्हणतील ऑपरेशनचा संबंध नाही. मी म्हणेन, सव्वीसाव्या वर्षी तीन बाळंतपणं, अंगात रक्त कमी आणि विश्रांती शून्य. त्या ऑपरेशनची तारीख लक्षात राहते म्हणून सगळं त्याच्या नावावर जमा होतं. पण तुमची आई पाठीचं बोलतच नाहीये, हे तुम्हाला कळलंय ना?

आता आई असं का म्हणाली. बायका मला दाराआड ओढून काय सांगायच्या, ते ऐका. "सिस्टर, ह्यांचं नका करू. उद्या फेल गेलं आणि मला दिवस राहिले, तर कुणाचं म्हणतील?" बाईचं ऑपरेशन फेल गेलं तर डॉक्टरला शिव्या. पुरुषाचं फेल गेलं तर बाईला. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. पुरुषाची नसबंदी लगेच लागू होत नाही, आधीचं बीज नळीत शिल्लक असतं. तीन महिने दुसरं साधन वापरायचं, मग वीर्याची तपासणी करायची, त्यात काही नाही असं आलं की मोकळे. १९७६ला रांगेत झोपवलेल्या लोकांना हे कोण समजावणार होतं? तर आईला पाठ परवडते, संशय परवडत नाही. जावयाची काळजी नाही ती. तुमची आहे.

सडेतोड:

सगळं धोरणावर ढकलायची सवय लागलीय लोकांना. आमच्या आईवडिलांनी दोघांच्या मर्जीने १९८१ला निर्णय घेतला, आईचं दुर्बिणीतून झालं, तिसऱ्या दिवशी घरी, आजवर तक्रार नाही. दोघंही खूश. नवराबायकोचं पटणं न पटणं स्वभावावर असतं. सरकार काय कुणाच्या खोलीत येऊन बसतं का?

कोयनाकाठ:

सडेतोड, तुमच्या आईबाबांचं वाचून बरं वाटलं, खरंच. पण खोलीत येऊन बसतं का विचाराल, तर दिवाळीत अकरा दिवस बसलेलं होतं. आणि एक विचारू का? 'तक्रार नाही' हे आईने सांगितलं की तुम्ही ठरवलंत? (टोमणा नाही. मीही बत्तीस वर्षं 'हंगाम'ला विनोदच समजत होते.)

सिस्टर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. हे मला सुचलंच नव्हतं.

अर्धा कप चहा:

मी करून घेतलेला माणूस. नाशिक, २०१९, तेव्हा वय सदतीस. दोन मुलगे.

आधी तुमच्या नवऱ्यासाठी कामाचं. बिनटाक्याची असते हल्ली. अंडकोषाच्या कातडीला एक बारीक छिद्र, जागेवर भूल, पंधरा-वीस मिनिटं. दोन दिवस बर्फ आणि घट्ट चड्डी, आठवडाभर जड उचलायचं नाही. पोट उघडावं लागत नाही, म्हणून बाईच्या ऑपरेशनपेक्षा हे सोपं. पुरुषपण जात नाही, ताकद जात नाही, सगळं होतं तसंच असतं, फक्त त्यात बीज नसतं. सरकारी नोकरीत असाल तर विशेष नैमित्तिक रजा मिळते, ती मागायला लाजू नका. मी खासगीत, मी 'हर्निया' सांगितलं. आज वाटतं, खरं सांगायला हवं होतं. सहा वर्षांनी इथे टोपणनावाने सांगतोय, यावरून काय ते समजा.

आईने दोन दिवस जेवण टाकलं. ती मला म्हणाली नाही, बायकोला म्हणाली, "तू ऐकवलंस त्याला." बायकोने ऐकवलेलं नव्हतं. उलट तिने आधी विचारलेलं, "कशासाठी? बाहेर काही आहे का?" अर्धं हसत विचारलं होतं, म्हणजे अर्धं खरं. त्यावर आम्ही रात्री दीडपर्यंत बोललो. लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि दुसऱ्या बाळंतपणाला ती किती घाबरली होती ते मला त्या रात्री कळलं. तोवर मला वाटायचं, तिला इच्छाच कमी आहे. इच्छा कमी नव्हती, कॅलेंडर मोठं होतं.

रिपोर्ट चांगला आल्यावरही वर्षभर ती तारखांवर गोल करत होती. सवय. मग एका नव्या वर्षी कॅलेंडर आणलं आणि त्यावर फक्त गॅस आणि दूधवाला. मी काही बोललो नाही, बघितलं मात्र.

नातं सुधारलं का? त्या एका बाबतीत हो, खूप. बाकी ओल्या टॉवेलवरून भांडणं चालू आहेत.

शून्याचा पाढा:

मी गणित शिकवतो, त्यामुळे र. धों. कर्व्यांबद्दल माझा जरा पक्षपात आहे हे आधीच कबूल करतो. तेही गणिताचे प्राध्यापक, विल्सन कॉलेजातली नोकरी याच कामापायी गेली.

कोयनाकाठ यांच्या आजीचं वाचून मला कर्वेच आठवले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, सरकारी कार्यक्रम यायच्या कितीतरी आधी. १९२७ ते १९५३, मरेपर्यंत, मासिक चालवलं. त्यात ते पुन्हा पुन्हा काय सांगत होते? की बाईला गर्भाची भीती न बाळगता नवऱ्याजवळ जाता आलं पाहिजे, सुख हा तिचाही हक्क आहे. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली म्हणून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरले. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९३८मध्ये, आंबेडकरांच्या पक्षातर्फे रोहमांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तोही पडला. स्वतः कर्व्यांनी मूल होऊ न देण्याचं ठरवलं आणि नसबंदी स्वतःवर करून घेतली, बायकोवर नाही. हे शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी घरातलं आहे, आणि आपण आज जावयाने करावी की लेकीने, यावर अडलोय.

पुढे १९५२ला सरकारने कार्यक्रम घेतला, असा सरकारी कार्यक्रम घेणारा आपला देश जगात पहिला. साधन कर्व्यांचंच. कारण मात्र बदललं. कर्व्यांचं कारण होतं ते जोडपं, सरकारचं कारण झालं आकडा. आकड्याला पुरुष लागले तेव्हा पुरुष घेतले: १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख ऑपरेशनं, त्यांतली ६२ लाख पुरुषांची. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयकही मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. आणि पुढच्याच वर्षी पुरुषांचा आकडा दोन लाखांच्या खाली. त्यानंतर तो त्या उंचीच्या जवळपासही कधी गेला नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३७.९ टक्के विवाहित बायकांचं स्वतःचं ऑपरेशन झालेलं, आणि नवऱ्याचं झालेल्या ०.३ टक्के. महाराष्ट्रात बायकांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास.

तुमच्या ओसरीतलं ते वाक्य, "त्या वाटेला जायचं नाही", या ०.३मध्ये आहे. देशभरच्या ओसऱ्यांत कुणी ना कुणी आजोबा ते म्हणालेच असतील.

पण एका ठिकाणी मी तुमच्याशी वाद घालीन. आजीच्या झोपेचं काय करू, असं तुम्ही विचारता, जणू ती झोप जबरदस्तीच्या खात्यावर जमा करावी लागेल. का? आजीला ती झोप १९५५ सालीही मिळाली असती, कुणी तिला आणि मास्तरांना एकत्र बसवून समजावलं असतं तर. शकुंतला परांजपे त्या काळात गावोगाव हेच सांगत फिरत होत्या. जबरदस्तीने दिलं म्हणून ते जबरदस्तीचं देणं ठरत नाही. उशिराचं देणं होतं ते.

बालाघाट:

अंबाजोगाईकडची मी. शहरातल्यांची चर्चा चालू आहे म्हणून वाचत होते, पण आता लिहिते.

मला दोन मुली. दुसरी २०१३ची. आमच्या बीड जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, सहा वर्षांच्या आतल्या. सरकार म्हणतं दोनच, सासू म्हणते त्यात एक मुलगा. मग दुसऱ्या वेळी सोनोग्राफीच्या दारात काय चालतं, ते या आकड्याला विचारा. मला दुसऱ्या वेळी 'जाऊन येऊ' म्हणाले होते. मी माहेरी निघून गेले आणि सातव्या महिन्यात परतले. त्याचं मी जास्त लिहीत नाही.

दुसरी मुलगी झाल्यावर सासूने तिसऱ्याचा धोशा लावला. नवरा आईच्या शब्दाबाहेर नाही. मी मनात म्हटलं, संपलं. पण नवऱ्याला ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं. १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरं मूल झालं तर सदस्य होता येत नाही, झालेला असला तर पद जातं. तर ज्या माणसाने माझ्यासाठी आईला कधी 'नाही' म्हटलं नाही, त्याने पदासाठी म्हटलं. ऑपरेशन माझंच झालं, ते सोडा. निवडून आला. मुली शिकताहेत, मोठी आता दहावीला.

माझ्या जावेचं उलटं. तिला तिसरा मुलगा झाला, आणि दिराला पुढे उभं राहायचं मनात आलं, तेव्हा ते पोर तिच्या भावाच्या नावावर लागलं. पाच वर्षं ते मामाला पप्पा म्हणतंय. जाऊ महिन्यातून एकदा माहेरी जाते, येते तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलत नाही.

एकच कायदा. मला त्याने वाचवलं आणि तिचं लेकरू नेलं. मी आणि माझा नवरा सुखी आहोत का? बरे आहोत. त्याने 'नाही' म्हटलं हे मी विसरत नाही, आणि कशासाठी म्हटलं हेही विसरत नाही.

सडेतोड:

बालाघाट, काय बोलावं कळत नाही. वरचा माझा प्रतिसाद जरा घाईचा होता. आईला आज विचारलं. "तुला काय करायच्यात चौकशा" म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. एवढंच.

कोयनाकाठ:

उशीर झाला लिहायला, मुलांच्या परीक्षा होत्या.

गेल्या रविवारी माहेरी जाऊन आलो, चौघंही. सिस्टरनी लिहिलेलं डोक्यात होतं म्हणून स्वयंपाकघरात आईला सरळ विचारलं, फेल जाण्याची भीती वाटते का तुला? आईने लाटणं ठेवलं. तिच्या माहेरच्या आळीत एक बाई होती. नवऱ्याची नसबंदी आणीबाणीतली, रांगेतली. दोन महिन्यांत बाईला दिवस. नवऱ्याने भर आळीत तिचं ट्रंक बाहेर टाकलं. आई तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. "ती बाई आमच्या दारावरून गेली, मी बघितली." तीन महिने, तपासणी, असलं काही असतं हे आईला एकसष्टीनंतर, मागच्या रविवारी, माझ्या मोबाइलवरून कळलं. तिने सिस्टरचा प्रतिसाद स्वतः वाचला, चष्मा लावून, दोनदा. मग म्हणाली, "म्हणजे ती खरंच बोलत होती."

म्हणजे आजोबांच्या एका वाक्याने आई टेबलावर गेली असं मी धरून चालले होते. ते अर्धंच होतं. तिच्याही मनात ती ट्रंक होती. बाबांना तिने हे कधी सांगितलं नव्हतं, "सांगायचं काय त्यात" म्हणाली. बाबांना अजूनही वाटतं की सगळा दोष त्यांच्या रजेचा.

मी ते बाबांना सांगावं का, हा नवाच प्रश्न होता. सांगितलं नाही. आईनेच बहुतेक सांगितलं असावं, कारण दुपारी झोपायच्या वेळी त्यांच्या खोलीतून बराच वेळ बोलणं ऐकू येत होतं, आणि आमच्याकडे दुपारी कुणी बोलत नाही.

संध्याकाळी निघताना नवऱ्याने तारीख सांगून टाकली. पुढच्या महिन्यातला शुक्रवार. ओसरीत सगळे होते. बाबा चप्पल घालत होते, मान वर न करता म्हणाले, "येताना गाडी कोण चालवणार?"

नवरा म्हणाला, "रिक्षा करू."

"रिक्षा कशाला? मी येतो. मला काय आता हंगाम आहे?"

मी आईकडे बघितलं. ती आमच्या गाडीत ताकाची बरणी ठेवत होती. म्हणाली, "मागच्या सीटवर उशी टाका. पुलाच्या अलीकडचा रस्ता लई आदळतो."